वाचकांचे प्रश्न : आपल्या गावाच्या गच्च्यांवर किती वीज आहे?

प्रश्न : ताई, मी प्राथमिक शाळेतून निवृत्त झालेला शिक्षक. सकाळी फिरायला जाणाऱ्या आमच्या मंडळींत सध्या सोलरचा विषय निघाला की वाद होतो. एका मित्राने उपग्रहाच्या चित्रावरून गावातल्या सगळ्या छपरांचं क्षेत्रफळ काढलं. त्याचं म्हणणं असं, की सगळ्या छपरांवर सोलर बसवलं तर अमळनेर स्वतःची गरज भागवून उरलेली वीज विकेल. मला हे पटत नाही, पण खोडूनही काढता येत नाही. नगरपरिषदेला निवेदन द्यायचा आमचा विचार आहे. खोटा आकडा देऊन हसं करून घ्यायचं नाही. घरगुती सोलरची गावाची खरी क्षमता कशी मोजतात?
— एक गुरुजी, अमळनेर

उत्तर : गुरुजी, तुमच्या मित्राने सुरुवात योग्य ठिकाणाहून केली, पण ते पहिल्याच पायरीवर थांबले. निवेदन देण्याआधी मोजायचं ठरवलंत याचा मला मनापासून आनंद झाला. सोलरवर भाषणं पुष्कळ होतात, पण गच्चीवर चढून मोजणारी माणसं फार थोडी असतात.

उन्हाची काळजी सोडून द्या. खानदेशात ऊन कमी पडत नाही. साक्री तालुक्यात शिवाजीनगरला महानिर्मिती या सरकारी वीज कंपनीचा १२५ मेगावॉटचा सौर प्रकल्प २०१३ पासून उभा आहे, तो उगाच नाही. आपल्याकडे घरावरचं एक किलोवॉटचं सोलर वर्षाची सरासरी धरली तर दिवसाला साधारण ४ युनिट देतं, म्हणजे महिन्याला सुमारे १२० आणि वर्षाला १,४०० च्या आसपास. पावसाळ्यातल्या भरून आलेल्या दिवशी हेच दीड-दोन युनिटांवर येतं, पण सरासरीत ते धरलेलं आहे. एका किलोवॉटला सावली नसलेली १०० चौरस फूट जागा लागते. एवढे दोन आकडे वहीच्या पहिल्या पानावर लिहून ठेवा. बाकी सगळी मेहनत छपरांची आहे.

अडचण अशी, की उपग्रहाच्या चित्रात छप्पर दिसतं, पण ते कशाचं आहे हे नीट कळत नाही. तुमच्या जुन्या पेठेत आजही धाब्याची घरं असतील. सागाच्या नाहीतर कडुलिंबाच्या कड्या, त्यावर फळ्या किंवा काटक्या, वर मातीचा थर आणि दर पावसाळ्याआधी अंथरलेली खारी माती. माझं माहेर यावल तालुक्यातलं, अशाच घरात मी वाढले. उन्हाळ्यात त्या घरासारखा गारवा स्लॅबच्या घरात मिळत नाही. पण धाब्यावर लोखंडी स्ट्रक्चर आणि पॅनेल ठेवणं म्हणजे घराला धोका. कड्या किती जुन्या आहेत, आतून वाळवीने पोखरल्या आहेत का, हे वरून कुणालाच सांगता येत नाही. ही घरं पहिल्याच फेरीत बाजूला काढा.

पत्र्याच्या घरांचं तसं नाही. खालचे अँगल नवे आणि मजबूत असतील तर पॅनेल बसतं. सिमेंटचा पत्रा असेल तर त्यावर माणूस चढणंसुद्धा धोक्याचं, तिथे नाद सोडा. मग राहतात ती स्लॅबची घरं. घरांची ही विभागणी करायला दारोदार फिरावं लागत नाही. मालमत्ता कराची आकारणी बांधकामाच्या प्रकारावर होते. आरसीसी म्हणजे स्लॅबची किती, पत्रा किती, मातीची घरं किती, हे नगरपरिषदेच्या नोंदींत वॉर्डनिहाय सापडतं. निवेदनाच्या आधी हीच माहिती मागा.

आता स्लॅब. आठशे चौरस फुटांची गच्ची म्हणजे आठ किलोवॉट, असा हिशेब कधीही करू नका. गच्चीवर पाण्याची टाकी असते, जिन्यावरची खोली असते, कठडा असतो, डिशची छत्री असते, शेजाऱ्याने गेल्या वर्षी चढवलेला मजला असतो. प्रत्येकाची सावली मोजायची आणि ती डिसेंबरात मोजायची. मे महिन्यात गच्चीवर उभं राहून 'इथे सावली नाही' असं कुणी म्हणालं तर ऐकू नका. मेच्या शेवटच्या आठवड्यात आपल्याकडे दुपारी सूर्य थेट माथ्यावर येतो, काठीलाही सावली उरत नाही, तर टाकीची कुठून दिसणार?

२१ डिसेंबरच्या आसपास एक मीटरची सरळ काठी घेऊन गच्चीवर जा. काठी उभी धरा आणि सावली मोजा. सूर्य माथ्यावर येण्याची वेळ आपल्याकडे घड्याळात बाराला नसते, साडेबाराच्या जवळपास असते, कारण देशाचं घड्याळ आपल्यापेक्षा बरंच पूर्वेकडच्या रेखांशावर लावलेलं आहे. त्या वेळी काठीची सावली जवळजवळ एक मीटरच भरेल, काठीएवढीच. अमळनेर २१ अंश अक्षांशावर आहे, त्यामुळे हे अगदी चोख जमतं. सकाळी साडेनऊला तीच सावली जवळजवळ दुप्पट असते आणि वायव्येला पडते. दुपारी साडेतीनला तेवढीच, पण ईशान्येला. आता टाकीकडे पाहा. स्टँड धरून टाकी तीन मीटर उंच असेल तर भर दुपारी तिच्या उत्तरेची तीन मीटर जागा गेली, सकाळी सहा मीटर. खडूने या रेषा गच्चीवर आखा. साडेनऊ ते साडेतीन ज्या भागाला एकही रेष शिवत नाही, तेवढीच गच्ची सोलरची.

सावलीची एवढी धास्ती का, असं एखादा विचारेल. पॅनेलमधले सेल आणि एका ओळीतली पॅनेलं एकामागोमाग जोडलेली असतात. एका कोपऱ्यावर सावली आली की नुकसान त्या कोपऱ्यापुरतं राहत नाही. पॅनेलमधले बायपास डायोड, म्हणजे सावलीतला भाग वगळून विजेला वाट देणारे सुटे भाग, ते थोडं आवरतात, पण पॅनेलचा एक तृतीयांश भाग तरी बंद पडतोच. आणि एक विनंती. सावली येते म्हणून अंगणातला निंब तोडू नका. पॅनेलची जागा बदलता येते, वीस वर्षांचा निंब परत आणता येत नाही.

मोजायला सगळं गाव पालथं घालायची गरज नाही. गावाचे चार-पाच तुकडे करा : जुनी पेठ, स्टेशनकडची वस्ती, कॉलन्या, नवे प्लॉट, पत्र्यांची वस्ती. प्रत्येक तुकड्यातून एक गल्ली घ्या आणि त्या गल्लीतलं प्रत्येक दहावं घर. ओळखीची घरं निवडायची नाहीत, कारण आपल्या ओळखीची घरं बहुधा आपल्यासारखीच पक्की असतात आणि हिशेब फुगतो. तंत्रनिकेतनात शिकवत असताना विद्यार्थ्यांना मी हे काम द्यायचे, तेव्हा हा नियम मी कुणालाही मोडू देत नसे.

आता हिशेब. खालचे आकडे समजण्यासाठी धरलेले आहेत, तुमचे वेगळे येतील. समजा गल्लीत १०० घरं आहेत आणि सगळ्या छपरांचं क्षेत्रफळ ६०,००० चौरस फूट. तुमच्या मित्राच्या हिशेबाने ६०० किलोवॉट झाले. त्यातली स्लॅबची घरं ४५, सरासरी गच्ची ७०० चौरस फूट : ३१५ किलोवॉट. सावलीच्या रेषा आखल्यावर ४० टक्के गच्ची हाती लागली : १२६ किलोवॉट. पण ज्या घराचं महिन्याचं बिल दीडशे-दोनशे युनिटचं आहे ते तीन किलोवॉट कशाला बसवेल? त्याला दीड पुरतो : ४५ घरांचे ६७ किलोवॉट. आणि त्यातली आज खरोखर बसवू शकतील अशी घरं २० निघाली तर ३० किलोवॉट. धान्य चाळणीतून खाली यावं तसा आकडा ६०० वरून ३० वर आला.

हे तुमच्या गल्लीपुरतं नाही. काउन्सिल ऑन एनर्जी, एन्व्हायर्न्मेंट अँड वॉटर या दिल्लीच्या संस्थेने २०२३ मध्ये देशातल्या घरगुती छपरांचा अभ्यास केला. छपरांच्या हिशेबाने क्षमता ६३७ गिगावॉट आली (एक गिगावॉट म्हणजे दहा लाख किलोवॉट). घराची गरज आणि परवडणं लक्षात घेतल्यावर ११८ उरली. लोक किती पैसे घालायला तयार आहेत हे पाहिलं तर ११, आणि अनुदान धरलं तर ३२. क्षमता एकच आकडा नसते, हे निवेदनात स्पष्ट लिहा. छपराची किती, सावलीनंतरची किती, गरजेची किती आणि आज होण्याजोगी किती, असे चारही आकडे एकाखाली एक द्या.

पण ३० वर येऊन निराश होऊ नका, गुरुजी. त्या गल्लीत घरटी महिन्याला १२० युनिट लागत असतील तर गल्लीची गरज १२,००० युनिट. ३० किलोवॉट महिन्याला ३,६०० युनिट देतात, म्हणजे गरजेचा ३० टक्के वाटा. आणि ती ४५ स्लॅबची घरं सगळी आली तर दोन तृतीयांश गरज भागते. 'गाव वीज विकेल' यापेक्षा हे वाक्य मला कितीतरी मोलाचं वाटतं, कारण ते टिकतं.

वीस घरं बसवू शकतात आणि बाकीची पंचवीस का नाही, याची कारणं मात्र एकेक करून लिहून आणा. नगरपरिषदेला खरं काम तिथेच आहे. माझ्या पाहण्यात सगळ्यात जास्त येणारं कारण पैशाचं नाही, नावाचं आहे. लाइटबिल अजून वारलेल्या आजोबांच्या नावावर, घर तीन भावांत, एक सुरतला, एक पुण्याला, आणि गच्ची तिघांची. अनुदानाचा अर्ज वीजजोडणी ज्याच्या नावावर त्याच्याच नावाने होतो. मीटरवरचं नाव बदलायची शिबिरं वॉर्डावॉर्डात भरवली तर एकही पॅनेल न घेता गावाची क्षमता वाढेल.

पैशाचं गणितही घरागणिक वेगळं. 'पीएम सूर्यघर मुफ्त बिजली' योजना फेब्रुवारी २०२४ मध्ये आली. तीत एका किलोवॉटला ३०,००० रुपये, दोनला ६०,००० आणि तीन किंवा त्याहून जास्तीला ७८,००० रुपये अनुदान आहे. पण ज्याचा वापर १०० युनिटांच्या आत आहे त्याला वीज मुळात स्वस्तातल्या टप्प्यात मिळते, म्हणून त्याने घातलेले पैसे वसूल व्हायला वेळ लागतो. जास्त बिलाचं घर लवकर सुटतं. या लहान वापराच्या घरांसाठी राज्याने २०२५ मध्ये 'स्मार्ट' योजना आणली. दारिद्र्यरेषेखालच्या कुटुंबाला एका किलोवॉटसाठी केंद्राच्या ३०,००० वर राज्याचे १७,५०० मिळतात आणि घरच्याला २,५०० रुपये भरावे लागतात. पत्र्यांच्या वस्तीची मोजणी यासाठी मन लावून करा. तिथे अडतं ते बहुतेक छप्परच, आणि घरकुलाचा स्लॅब पडला की तेच घर तुमच्या यादीत येतं.

शेवटी डीपी, म्हणजे गल्लीला वीज देणारा ट्रान्सफॉर्मर. गल्लीतल्या डीपीवर किती घरं आहेत आणि तिची क्षमता किती, हे महावितरणच्या कार्यालयात विचारा. एका डीपीवर किती सोलर जोडायचं याला मर्यादा असते. १० किलोवॉटपर्यंतच्या घरगुती अर्जाला आता वेगळी तांत्रिक तपासणी लागत नाही, पण सगळी गल्ली एकदम आली तर डीपी मोठी करावी लागेल, आणि हे आधीच कळलेलं बरं.

प्रश्न : मॅडम, आमच्या घरावर ३ किलोवॉटचं सोलर आहे. मार्चमध्ये छान वीज मिळाली. मे महिन्यात पारा ४५ वर, ऊन मार्चपेक्षा कडक, तरी युनिट वाढायच्या ऐवजी थोडे कमीच. व्हेंडर म्हणतो असंच असतं. तो टाळतोय का?
— एक रेल्वे कर्मचारी, भुसावळ

उत्तर : नाही, तो खरं सांगतोय. पॅनेलला उजेड हवा असतो, उष्णता नको असते. पॅनेलवर लिहिलेली क्षमता सेलचं तापमान २५ अंश असताना मोजलेली असते. त्याच्या वर प्रत्येक अंशाला साधारण ०.३ ते ०.४ टक्के वीज घटते. भुसावळच्या मेमध्ये भर दुपारी पॅनेल ६५ अंशांच्या पुढे जातं. ४० अंशांचा फरक धरला तर १४ टक्क्यांच्या आसपास तिथेच गेले.

हे पूर्ण टाळता येत नाही, पण कमी करता येतं. पॅनेलच्या खालून वारा खेळला पाहिजे. पत्र्याला चिकटवून बसवलेली पॅनेलं जास्त तापतात. सोलरचा इन्व्हर्टर, म्हणजे पॅनेलची वीज घरात वापरण्याजोगी करणारा डबा, पश्चिमेच्या उघड्या भिंतीवर असेल तर आधी त्याच्यावर सावली करा, कारण फार तापला की तो स्वतःच वीज कमी करतो.

आणि गच्चीवर जाऊन पॅनेलची खालची कड जवळून बघा. वळवाची एखादी सर येऊन गेली की काचेवरची काळी धूळ वाहत खाली येते आणि फ्रेमच्या कडेला अडकून वाळते. बोटभर रुंद पट्टी. वरून पॅनेल स्वच्छ दिसतं, पण ती पट्टी सेलच्या सगळ्यात खालच्या ओळीवर सावलीचंच काम करते. मऊ फडक्याने ती काढा. धुवायचं असेल तर सकाळी ऊन तापायच्या आत, आणि बोअरचं जड पाणी काचेवर तसंच वाळू देऊ नका, नाहीतर पांढरे डाग कायमचे बसतात. शेवटी वायपरने निपटून घ्या.

प्रश्न : ताई, सोलर बसवायचं घरात सगळ्यांना मान्य आहे, फक्त सासूबाईंचा विरोध. म्हणतात, गच्ची अडली तर बिबडे, कुरडया, पापड कुठे वाळवायचे, आणि उन्हाळ्यात आम्ही झोपायचं कुठे? त्यांचं मन कसं वळवू?
— एक गृहिणी, देवपूर, धुळे

उत्तर : मन वळवू नका, त्यांचं म्हणणं बरोबर आहे. गच्ची ही आपल्याकडे घरातली एक खोली आहे आणि क्षमता मोजताना ती खोली वजा करूनच मोजली पाहिजे.

तुमच्या गच्चीला वाव असेल तर पॅनेलं उत्तरेच्या कडेला बसवा, तोंड दक्षिणेला. पॅनेलची सावली मग मागे उत्तरेला जाते आणि दक्षिणेकडची अर्धी गच्ची उघडी राहते. तिथे खाटेवर किंवा जमिनीवर वाळवण घातलं तर त्याला पूर्ण ऊन मिळतं आणि पॅनेलवर कशाची सावली पडत नाही. तीन किलोवॉटला साडेपाचशे वॉटची सहा पॅनेलं लागतात. एक पॅनेल साधारण साडेसात फूट लांब आणि पावणेचार फूट रुंद. सुतळीने गच्चीवर तेवढी जागा आखून सासूबाईंनाच दाखवा. किती गच्ची उरते ते त्यांना डोळ्यांनी दिसू द्या.

जागा कमी असेल तर माणूस खालून चालेल इतकं उंच स्ट्रक्चर करता येतं. खर्च वाढतो, पण खालची खोली उन्हाळ्यात गार राहते. त्यात एका गोष्टीवर मी हटून बसेन, ती म्हणजे वारा. मे-जूनचं वादळ रावेर-यावलकडे उभ्या केळीच्या बागा झोपवतं. उंच स्ट्रक्चर त्याच वाऱ्याला शिडासारखं तोंड देतं. पाय स्लॅबला नीट अँकर केलेले हवेत, नुसते सिमेंटच्या ठोकळ्यांवर ठेवलेले चालणार नाहीत, आणि जिथे भोक पाडलं तिथे वॉटरप्रूफिंग तुमच्या समोर झालं पाहिजे. वेल्डिंग केलेल्या सांध्यांवरचा जस्ताचा थर (गॅल्व्हनायझिंग) जळतो आणि तिथूनच गंज धरतो, म्हणून नटबोल्टचं स्ट्रक्चर मागा.

प्रश्न : सोलर बसवलं की लाइट गेल्यावरही घरात वीज राहील असं वाटलं होतं. आमच्याकडे लाइट गेली की भर उन्हात सोलरही बंद. मग उपयोग काय?
— एक शेतकरी, शहादा

उत्तर : दादा, हे बसवण्याआधी तुम्हाला कुणी सांगितलं नाही, ही तुमची फसगतच झाली. लाइनवर जोडलेलं सोलर लाइन गेली की मुद्दाम बंद होतं. कारण तारेवर काम करणारा वायरमन लाइन मेली आहे असं धरून हात घालतो. तुमच्या छपरावरची वीज त्या तारेत गेली तर त्याच्या जिवाशी गाठ.

लाइट गेल्यावरही वीज हवी असेल तर बॅटरीवरही चालणारा हायब्रिड इन्व्हर्टर आणि बॅटरी लागते. अनुदान पॅनेलच्या किलोवॉटवर मिळतं, बॅटरीवर नाही, म्हणून तो खर्च अंगावर येतो. तुमची लाइट दिवसातून एक-दोन तास जात असेल तर दोन पंखे, चार दिवे आणि मोबाइल चार्जिंग एवढ्यापुरता साधा घरगुती इन्व्हर्टर वेगळा ठेवा. बिल कमी करायचं काम सोलर करेल. आठ-आठ तास जात असेल तरच सोलरच्या बॅटरीचा विचार करा, आणि तेव्हाही आधी रात्री काय काय चालवायचं त्याची यादी वॉटसकट करून व्हेंडरपुढे ठेवा.